वसंताचा गळा

नागपुरातल्या कळमन्याच्या फळबाजारात किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात. सकाळचा हर्रास, म्हणजे लिलाव, आटोपला, संत्र्यांचे ढीग उचलले गेले, की आम्ही अडतिये चहाच्या टपरीवर बसतो आणि कोणाची तरी फिरकी घेतो. त्यातला निम्मा माल खोटा असतो. वसंताचे किस्से मात्र खरे आहेत, आणि ते सांगताना हल्ली मला हसण्याआधी थकवाच येतो.

वसंता माझ्या अडतीवर बोली पुकारतो. ढिगाशेजारी स्टुलावर उभं राहून "एक बार... दो बार..." करत भाव चढवायचा, हे त्याचं काम. आवाज असा, की फाटकाबाहेरच्या ऑटोवाल्यालाही आजचा भाव कळायचा! मागच्या हंगामात हा आवाज बसत गेला. माणूस स्टुलावर चढायचा, पण पुकारा निघायचा नाही. डबा उघडायचा आणि दोन घास खाऊन बंद करायचा.

आता बाजाराची अक्कल पाहा. पुकारणाऱ्याचा आवाज गेला, म्हणजे त्याचा गळाच बिघडला, यावर सगळ्यांचं एकमत! कोणी ज्येष्ठमध आणलं, कोणी गुळण्या सांगितल्या. सुधाकरभाऊ हा आमचा मोठा खरेदीदार आणि वसंताचा शाळेपासूनचा दोस्त. तो त्याला स्वतःच्या गाडीत घालून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, गळा ठणठणीत आहे म्हणाले, आणि झोप कशी लागते ते विचारलं. लागत नाही, असं वसंतानं सांगितल्यावर त्यांनी मनाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

परत आल्यावर सुधाकरभाऊनं बाजारात निकाल जाहीर केला, "त्या डॉक्टरले गळ्यातलं काही समजत नाही."

मग आणखी दोन आठवडे हळदीचं दूध. वसंता मुकाट्यानं प्यायचा. गळ्याचं दुखणं इज्जतीचं असतं, चारचौघांत बसून गुळण्या करता येतात.

*

एक दिवस त्याच्या बायकोचा, शोभावहिनींचा मला फोन आला. "भाऊजी, हे म्हणतात का सकाळ झालीच नाही तं बरं. मले भेव वाटून राहिलं." मलाही भीती वाटली. मी इकडंतिकडं विचारून धंतोलीतल्या एका मनाच्या डॉक्टरांचा नंबर लावला आणि वसंताला एकट्यालाच पाठवलं. सोबत कोणी नको, असं तोच म्हणाला होता.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. वसंता जिना चढून वर गेला, तर बाकावर कोण? काटोलचे रामरावजी! आमचे जुने बागायतदार, दरवर्षी त्यांची संत्री माझ्याकडेच उतरतात.

रामरावजी म्हणाले, ते एका नातेवाइकाचा पत्ता विचारायला आले होते. वसंता म्हणाला, तोही पत्ताच विचारायला आला होता. दोघांनाही पत्ता मिळाला नाही. दोघं सोबत जिना उतरले, खाली टपरीवर चहा प्याले, संत्र्याच्या भावावर बोलले आणि आपापल्या घरी गेले.

डॉक्टर वर वाट पाहत बसले असतील बिचारे.

*

पुढच्या वेळी वसंतानं काळजी घेतली. स्कूटर दवाखान्यापुढे लावलीच नाही. पार पलीकडच्या गल्लीत, एका दाताच्या दवाखान्यासमोर लावली, आणि रामरावजी बाकावर नाहीत हे जिन्यातूनच डोकावून पाहून मगच आत गेला.

पण नागपुरात स्कूटर लपते का! दुसऱ्या दिवशी बाजारात जो तो दाताची चौकशी करायला लागला. सुधाकरभाऊ लवंगेचं तेल घेऊन आला. वसंतानं आठवडाभर एकाच बाजूनं चावून खाल्लं. खोटं बोलायचं, मग ते चावायचंही!

तेवढं सोडलं, तर काम फत्ते झालं होतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या आणि महिन्यानं परत बोलावलं. महिनाभरात वसंता थोडा झोपायला लागला. वहिनींनी फोन करून सांगितलं, की काल वसंतानं भाजीत मीठ कमी असल्याचं म्हटलं. भाजीला नावं ठेवल्याचा एवढा आनंद मी कोणत्याच बायकोच्या आवाजात ऐकला नव्हता.

*

आणि मग गोळीनंच घात केला.

गोळी सकाळच्या खाण्यानंतर घ्यायची होती. वसंता घरून पहाटेच निघतो, म्हणून गोळ्यांची पट्टी डब्याच्या पिशवीत असायची. कोणी विचारलंच, तर बीपीची आहे म्हणायचं, असं आमचं ठरलं होतं. आमच्या बाजारात बीपी सगळ्यांनाच आहे, त्यात कोणाला काय वाटणार? एवढी हुशारी केली, आणि आमच्या बाजाराची चालरीत मात्र विसरलो. आमच्याकडे जसा तंबाखूचा खर्रा मागतात, तशीच बीपीची गोळीही मागतात.

एका सकाळी सुधाकरभाऊ गोळी घरी विसरून आला. वसंताची पट्टी त्याला दिसली. त्यानं हात पुढे केला. वसंतानं पट्टी मुठीत दाबली आणि नाही म्हणाला.

"एका गोळीसाठी?" सुधाकरभाऊला खरंच लागलं. त्यानं बोलणं बंद केलं. टपरीवर त्यालाच दुजोरा मिळाला. इतक्या वर्षांची दोस्ती आणि एक गोळी निघत नाही! खरं काय ते मला माहीत होतं, पण वसंतानं शपथ घातली होती. मी चहा ढवळत बसलो.

वसंतानं गोळ्या बाजारात आणणंच सोडलं. मग घरीही घेईना. डॉक्टरांकडे जायची तारीख आली आणि गेली. तो पुन्हा स्टुलावर नुसता उभा राहायला लागला. वहिनींचा पुन्हा फोन आला. या वेळी त्या नुसत्या रडल्या. मी पुन्हा नंबर लावला आणि वसंताला सांगितलं. तो म्हणाला, "पाहू."

*

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या सकाळची गोष्ट. रामरावजींचा माल उतरला होता. ढिगाभोवती खरेदीदार जमले, सुधाकरभाऊ पुढेच. वसंता स्टुलावर चढला, आणि त्याचं तोंड उघडेना. लोक चुळबुळायला लागले.

सुधाकरभाऊ वसंताकडे न पाहता, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "गळा बसला असंन तं उतर खाली. एक गोळी घे. तुह्याजवळ तं राहते."

मी पुढे झालो. वसंतानं हातानंच मला थांबवलं. तो चिडला नव्हता. नुसता दमलेला दिसत होता.

"ते बीपीची गोळी नोहोती गा," तो म्हणाला. "मनाची होती. तुले कशी देऊ? गळा नाही, दात नाही, बीपी नाही. कोणाले काय सांगतलं, हे याद ठेवाची ताकद नाही राहिली आता."

तो स्टुलावरून मात्र उतरला नाही.

"उद्या धंतोलीत डॉक्टरकडं जाचं आहे. एकट्यानं जिना चढवत नाही." वसंतानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "सोबत कोण येते? एक बार..."

सुधाकरभाऊ आपल्या चपलांकडे पाहत होता.

"दो बार..."

ढिगाच्या मागून एक हात वर आला. रामरावजी होते.

"मी येतो," ते म्हणाले. "पण मलेही अंदर जाचं आहे. बाहेर बसाले आणखी एक माणूस पाहा."

वसंतानं सुधाकरभाऊकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून पुकारा सुरू केला, "एक बार...!" फाटकाबाहेरच्या ऑटोवाल्यानं मान वळवून आत पाहिलं.