बाहेर निघालेली एक बोट

"मॅडम, ये सारी बोटें घुमानी पड़ेंगी," खालून मल्होत्राजी म्हणाले.

मी घोडीवर उभी होते. घोडी म्हणजे दोन्ही बाजूंनी चढता येणारी लाकडी शिडी. भिंती रंगवणाऱ्यांचं निम्मं आयुष्य तिच्यावर जातं आणि गुडघे तर पूर्णच जातात. अकरा दिवस मी नोएडातल्या त्या नव्या ऑफिसात बावीस फूट लांबीच्या भिंतीशी झटत होते. चौदा बोटी काढून, रंगवून झाल्या होत्या.

"घुमानी म्हणजे?" मी मराठीतच विचारलं. दमले की माझी हिंदी आधी पळते.

"सबका मुँह बाहर की तरफ है. पंडितजी आए थे. बोले, जहाज़ अंदर आना चाहिए. बाहर जाएगा तो लक्ष्मी भी बाहर."

भिंतीच्या डाव्या हाताला ऑफिसचं दार होतं आणि चित्रातला समुद्रही त्याच बाजूला. बोटींची तोंडं समुद्राकडे, म्हणजे आपसूक दाराकडे. पंडितजींची तक्रार एवढीच. आता गंमत बघा, मल्होत्राजींचा धंदा एक्स्पोर्टचा. तयार कपडे कंटेनरमध्ये भरायचे आणि परदेशी पाठवायचे. माल बाहेर जाणार, त्यावर यांचं पोट भरणार, आणि जहाज मात्र आत यायला हवं! पण हे बोलायची माझ्यात ताकद नव्हती. "देखती हूँ," म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले.

तेव्हा नोएडात रोज एक नवी बिल्डिंग उभी राहत होती. बाहेरून काच, आतून एसी, आणि रिसेप्शनच्या कोऱ्या भिंतीवर 'कुछ बड़ा' हवं म्हणून अडून बसलेले मालक. मल्होत्राजींना पोर्ट हवं होतं. बाकीच्या आर्टिस्टांनी त्यांना विलायती कॅलेंडरांतली चित्रं दाखवली. मी म्हटलं, मी बंदरावरच वाढलेय, माझ्या गावचं काढते. रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी, मासेमारीच्या बोटींचं साधं कामाचं बंदर. त्यांना ते आवडलं. वरचे दोन मजलेही मलाच देणार होते. पण जाता जाता हेही सांगून ठेवलं होतं, की एक मुलगा कम्प्युटरवर हवं ते चित्र छापून दोन दिवसांत भिंतीवर चिकटवून देतो. हे वाक्य त्या काळात आम्ही सगळे आर्टिस्ट रोज कुठे ना कुठे ऐकत होतो.

घरी अण्णा होते, माझे वडील. चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना आमच्या नोएडाच्या फ्लॅटवर आणलं होतं. "तीन आठवड्यांत परत सोडते," असं सांगून. ते खोटं होतं. आई गेल्यापासून ते गावी एकटे. पावसाळ्यात जेटीवर घसरून पडले, तर दोन दिवस आम्हाला कुणी कळवलंही नाही. ठाण्याचा माझा भाऊ आणि मी, आम्ही फोनवर ठरवून टाकलं होतं, की आता अण्णांना परत पाठवायचं नाही. त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. आणि ते मी रोज उद्यावर ढकलत होते.

रोज संध्याकाळी मी दारात चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा. "बाय, तिकिटाचं काय झालं?"

"डॉक्टर बोलतील तेव्हा, अण्णा."

त्या संध्याकाळी विषय बदलायला मी त्यांना बोटींचं सांगितलं. डोळ्यावर हिरवा कपडा लावलेले अण्णा खदाखदा हसले. दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदा.

"त्या पंडिताला सांग, नांगरलेली बोट पाण्याचं ऐकते, तुझं नाही ऐकत."

हे मलाही ठाऊक होतं. बोटीचा नांगर पुढे, नाळेकडे असतो. नाळ म्हणजे बोटीचं टोकदार तोंड. पाणी ज्या बाजूनं येतं त्या बाजूला नाळ करून बोट उभी राहते. भरतीला पाणी समुद्राकडून खाडीत शिरतं, म्हणून सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. मी भरती काढली होती. बोटी वळवायच्या तर ओहोटी काढायला हवी, आमच्याकडे तिला सुकती म्हणतात. आणि सुकतीला पाणी हटतं, चिखल उघडा पडतो. मल्होत्राजींनी तर जेटीवरच्या मासळीच्या टोपल्याही पुसायला लावलेल्या. ते चिखल कशाला ठेवून घेतायत!

"मग भरल्या पाण्यावरच नुसती तोंडं फिरवते," मी म्हटलं. "इथे दिल्लीत कोणाच्या बापाला कळतंय?"

"तुझ्या बापाला कळतंय," अण्णा म्हणाले.

मग त्यांनीच वाट काढून दिली. भरती पूर्ण भरून सुकती लागते ना, तेव्हा पहिला अर्धा तास पाणी काठोकाठच दिसतं. पण ओढ फिरलेली असते. बोटी एकेक करून वळतात आणि गावाकडे तोंड करतात. चिखल नाही, काही नाही. "तो अर्धा तास काढ," म्हणाले.

इतकी वर्षं रंगवतेय, मला हे सुचलं नव्हतं. मी त्यांना दोनदा चहा करून दिला.

पुढचे सहा दिवस मी चौदा बोटी पुसल्या आणि चौदा काढल्या. आमच्यात चित्र मोठं करायची जुनी पद्धत आहे. कागदावरच्या स्केचवर चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी खडूनं भिंतीवर पाडायच्या, आणि एकेक घर उतरवत जायचं. बोट फिरली की सगळी घरं बदलतात. सावली बदलते, दोऱ्या बदलतात, पाण्यातलं प्रतिबिंब बदलतं. रात्री उशीला डोकं टेकलं तरी डोळ्यांपुढे चौकटीच. मान इतकी आखडली होती, की नवऱ्याशी बोलताना अख्खी वळून बोलत होते.

पंडितजी येऊन बघून गेले. मल्होत्राजी खूश. "बिल्कुल परफेक्ट, मॅडम. सोमवार को उद्घाटन. फिर ऊपर का काम शुरू करते हैं."

शनिवारी तिथलं काम बंद होतं, वॉचमन मला ओळखायचा. अण्णांना त्याच आठवड्यात चष्मा मिळाला होता. मी रिक्षा केली आणि त्यांना बंदर दाखवायला घेऊन गेले. गावी नेत नाही तर निदान हे तरी दाखवू, असा माझा हिशोब. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

अण्णा आधी भिंतीला नाक लावून उभे राहिले. बोटींची नावं वाचली. मी ती खरीच घातली होती. "ही दाऊदची. ही आपल्या पांडूची. हिचा रंग असा नाही गो, गडद आहे." मग मागे सरकले, सोफ्यावर बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मी आपली शाबासकीची वाट बघत उभी.

"सुकती लागली ना ही?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही सांगितलात तोच अर्धा तास."

"मग बाहेर कोण जातंय?"

"कोणी नाही."

"असं कसं?" ते चक्क रागावले. "खाडीच्या तोंडाला वाळूचा बांध आहे, विसरलीस? भरल्या पाण्यातच बोट त्याच्यावरून जाते. सुकतीची ओढ मिळते, डिझेल वाचतं. मासेमारीला जाणारा ह्याच वेळेला निघतो. आणि इथे चौदा बोटी, एकही नांगर उचलत नाही? वादळाचा बावटा लागलाय काय?"

"अण्णा, मालकाला बाहेर जाणारी बोट नकोय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "मलाही परत सोडणार नाही ना तुम्ही?"

मी काय सांगणार होते? डॉक्टर बोलतील तेव्हा?

"तुझ्या भावाचा फोन आला की तू दार लावून घेतेस," ते म्हणाले. "डोळा गेला होता बाय, कान नाही."

"तुम्ही पडलात अण्णा. आम्हाला भीती वाटते."

"वाटणारच. मी दर्यात जायचो तेव्हा तुझ्या आईलाही वाटायची. पण ती मला विचारायची, कधी निघणार. तुम्ही विचारलंच नाही."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. पन्नाशीची बाई, पेंटचे डाग पडलेला कुर्ता घालून दुसऱ्याच्या रिसेप्शनमध्ये हमसून रडतेय. अण्णांनी रडू दिलं. मग म्हणाले, "रंग आहे का इथे?"

रंगांचे डबे कोपऱ्यात होतेच. मी घोडी ओढली आणि डाव्या कडेला, अगदी दाराजवळ, पंधरावी बोट काढायला घेतली. नाळ समुद्राकडे, मागे पाण्याची फेसाळ रेघ. ना स्केच, ना चौकटी. अण्णा सोफ्यावरून हुकूम सोडत होते. "उजवीकडे घे. डावीकडे खडक आहे, आपटवशील." मी घेतली उजवीकडे. नाव काय घालू विचारलं तर म्हणाले, "नाव नको. जाऊ दे तिला."

सोमवारी सकाळी मल्होत्राजींनी ती बघितली.

"ये एक बाहर क्यों जा रही है?"

"सर, आपका माल लेके जा रही है."

ते हसले नाहीत. पाहुणे दारात होते, पुसायला वेळ नव्हता. पॅसेजमधली रबर प्लांटची भलीमोठी कुंडी उचलून आणली आणि बोटीपुढे ठेवली. उद्घाटन झालं. पेढे वाटले. वरच्या दोन मजल्यांचं काम कम्प्युटरवाल्या मुलाला मिळालं. विलायती पोर्ट, निळंशार पाणी. दोन दिवसांत चिकटवून मोकळा झाला तो.

त्याच आठवड्यात मी निजामुद्दीनला जाऊन अण्णांचं तिकीट काढलं. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. भाऊ माझ्यावर इतका चिडला, की पुढच्या दिवाळीलाही आम्ही बोललो नाही. अण्णा त्यानंतर चार वर्षं गावी राहिले. बोटीवर चढले नाहीत, पण रोज जेटीवर जाऊन बसायचे आणि जाणाऱ्यांना शिव्या घालायचे. एकदा परत पडले, तेव्हा मात्र पांडूनं तासाभरात फोन केला. गेले ते तिथेच, आपल्या घरात, झोपेत.

मल्होत्राजींच्या ऑफिसात मी पुढे एकदाच गेले, दुसऱ्याच कामासाठी. एसीत रबर प्लांट वाळला होता. कुंडी हलवलेली होती आणि बोट दिसत होती. कोणी तिच्याविषयी अवाक्षर काढलं नाही. धंदा बुडाल्याचंही काही दिसत नव्हतं.

तेव्हापासून काम घेताना मी क्लायंटला आधीच विचारते, काय आत येणार आणि काय बाहेर जाणार, आणि तसं कागदावर सही करून घेते. घरच्या माणसांची सही घेता येत नाही. त्यांना समोर बसून विचारावं लागतं.