ताण कमी करण्याचं सक्तीचं शिबिर

मंडळी, आज रविवारी मी आमच्या शाळेत शिक्षकांसाठी ताण कमी करण्याचं शिबिर ठेवलं होतं. हजेरी सक्तीची, अशी नोटीस मीच काढली होती.

"डोळे मिटा, मोठा श्वास घ्या," मी सांगत होते, आणि समोर बसलेल्या वंदनाबाई खुर्चीवरून कोसळल्या.

शुद्धीवर आल्यावर कळलं. त्यांची आई अकोल्याला दवाखान्यात आहे. रात्रभर तिच्या उशाशी जागून त्या पहिल्या बसने उपाशीच अमरावतीला आल्या होत्या.

"अहो, मला सांगायचं ना!" मी ओरडले.

"पाहा मॅडम, आताही ओरडूनच राहिल्या तुमी," आमच्या शिपाई कमलबाई म्हणाल्या. "तुमाले सांगन कोन?"

बारा वर्षं मुख्याध्यापिका आहे मी.

तुमच्या हाताखालच्या माणसांना तुमच्याकडे सुट्टी मागायची भीती वाटते का? मी उद्या विचारणार आहे. हळू आवाजात.