हवालदारांची तंबाखू

आमच्या रोहण्यात वासुदेवरावांना तोंडावर सगळे हवालदार म्हणतात आणि पाठीमागे हसतात. फौजेतून निवृत्त होण्याआधी ते शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानला जाऊन आले. "तिकडं किती गोळ्या झाडल्या?" असं कोणी विचारलं, की छाती फुगवून सांगतात, "एकही नाई!" मग लोक हसणार नाहीत तर काय? मीही हसायचो, खोटं कशाला बोलू.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सुलोचनाबाईचा कापूस वावरात फुटून लोंबत होता. तिच्या दिरानं, श्रावणनं, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादावरून वावराकडे जाणाऱ्या पांदणीत बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, टाकून वाट बंद केली, आणि तो काठी घेऊन तिथंच बसायला लागला. दीड वर्ष दोघांत बोलणं नव्हतं. वेचणाऱ्या बाया भिऊन येईनात. त्यात आभाळ भरून आलेलं. एक सर आली असती तरी त्या बाईनं नवऱ्यामागं एकटीनं पिकवलेला कापूस काळा पडला असता.

आम्ही तंटामुक्त समितीचे पाच जण बसलो. पोहे झाले, चहा झाला, आणि वाट मोकळी करायला कोण येतो म्हटल्यावर एकेक जण म्हणाला, "घरी विचारून सांगतो." मीही तेच म्हणालो. श्रावणशी वाकडं कोण घेणार?

शेजारी बसून ऐकणारे हवालदार खदखदून हसले. "तिकडंही हेच पाह्यलं मी. पाच देशाच्या पलटणी, टेबल एक अन् फोन पाच! सरपणाले जाणाऱ्या बाया रस्त्यावर खोळंबल्या, अन् सायेब लोक आपापल्या राजधानीले विचारून राह्यले."

"मंग तुमची शांतिसेना काय कामाची?" मी चिडून विचारलं.

"एकटा असतो त मले कोनं विचारलं असतं? मागं पाच देशाचे लोक उभे दिसले, म्हनून बंदूकवाले थांबून माहं आयकत. तुमी काई ठरवू नका. उद्या सकाळी माह्या मागं नुसते उभे राहा. तेवढ्यासाठी त घरी विचारा लागत नाई ना?"

उभं राहायला काय जातं! सकाळी आम्ही पाचही गेलो. आमच्या मागं सुलोचनाबाई नि बाया. हवालदारांच्या डोक्यावर तिकडची निळी टोपी. श्रावण काठी घेऊन उठला. मला पळावंसं वाटलं, पण पाचांत पहिला पळणारा कोण होणार? म्हणून थांबलो.

हवालदार सरळ त्याच्यापुढं गेले. "श्रावणभाऊ, तंबाखू हाय काय?"

आमच्याकडे मागितलेली तंबाखू वैऱ्यालाही नाकारत नाहीत. पण ती मळायला दोन्ही हात लागतात. श्रावणनं काठी बाभळीला टेकवली, चुना काढला आणि मळायला घेतली. हवालदारांनी पाठीमागं बोट हलवलं. आम्ही बोराट्या ओढल्या, बाया भराभर वावरात शिरल्या. श्रावणनं पाहिलं, पण तळहातावरची तंबाखू टाकणार कशी?

हवालदारांनी चिमूट तोंडात टाकली आणि दोन मिनिटांत पांढरेफटक पडून खाली बसले. जन्मात पहिल्यांदा खाल्ली होती!

श्रावण घाबरला. वावराकडे तोंड करून ओरडला, "वहिनी, पानी आना लवकर!"

आम्ही पाच जण नुसते उभे होतो.

"आनलं, भाऊजी!" म्हणत सुलोचनाबाई पाण्याची कॅन घेऊन धावत आली.