विमलकाकूंची सवत

विमलकाकूंची सवत त्यांच्याच अंगणात कित्येक वर्षं पालथी पडलेली होती आणि काकू दर उन्हाळ्यात तिच्या पाठीवर कुरडया वाळत घालायच्या. सवत म्हणजे शिडाची एक छोटी होडी. गंगापूर रोडला त्यांच्या शेजारी आम्ही राहायला आलो, तेव्हा कंपाउंडच्या भिंतीवरून काकूंनी माझ्या बायकोला घरची ओळख करून दिली ती अशी : "हे आमचे साहेब. ही जास्वंद. आन् ती तिकडं पालथी पडलीय ना, ती माझी सवत. खायला मागत नाय, पण जागा लय अडवती."

काका पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. पाण्यावरच्या खेळांच्या कुठल्याशा शिबिराचं जुनं सामान विकायला निघालं, तेव्हा त्यांनी ही होडी आणि ती वाहून न्यायचा दोन चाकांचा ट्रेलर उचलून आणला होता. "रिटायर झालो की दुरुस्त करणार," असं ते सगळ्यांना सांगत. रिटायर झाले. मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन होडीभोवती एक फेरी मारायचे, तिच्या तळाला टिचकी मारायचे आणि आत जाऊन पेपर वाचायचे. दुरुस्ती ती एवढीच. "माझ्याभोवती कवा फेरी मारली नाय या माणसानं," असं काकू आल्यागेल्याला ऐकवायच्या आणि काका पेपरामागे हसायचे.

काकू निफाडकडच्या, द्राक्षं आणि भाजीपाला करणाऱ्या घरातल्या. निम्मं आयुष्य शहरात काढूनही त्यांची भाषा बदलली नव्हती आणि आवाज तर शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असाच राहिला होता. ठेंगणा बांधा, खोचलेला पदर, पायात काकांचे जुने बूट. कोणतीही बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. "आधी हात लावू, मग अक्कल लावू," हे त्यांचं धोरण. आमचा मिक्सर त्यांनी असाच दुरुस्त केला. तो नंतर छान चालायचा, फक्त बंद करायला प्लग काढावा लागायचा. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "चालतोय ना? मग बंद कशाला करायचा?"

मग काकांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, हळूहळू पायही चालू लागले, पण उजवा हात लुळा राहिला आणि जीभ जड झाली. शब्द डोक्यात असायचा, तोंडात येताना मोडायचा. एकदा ते दूधवाल्याला काही सांगायला गेले आणि तो बिचारा "काय? काय म्हणता?" करत राहिला. त्या दिवसापासून काकांनी बोलणंच सोडलं. व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मॅडम यायच्या, त्यांच्यासमोर तर ओठ घट्ट मिटून घ्यायचे. मॅडमनी जाताना काकूंना स्पष्टच सांगितलं, हे असेच गप्प राहिले तर आहे तेवढं बोलणंही जाईल.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या दुकानात हजर. पेठ रोडला माझं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे.

"संजूभाऊ, तुमच्या पिकअपला मागं हूक हाय ना?"

"आहे. का?"

"सवत न्यायचीय, ट्रॉलीवाल्याकडं. नीट करून पाण्यात सोडायची."

"काकांना विचारलंत का?"

"विचारलं की. गप बसले. नाय म्हणायला तरी तोंड उघडा म्हणलं, तर तेबी नाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भांडायलाबी कोण राहिलं नाय हो घरात." काकूंचा आवाज खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी किल्ली घेऊन उठलो.

ट्रेलरची अवस्था भयंकर होती. टायर कुजलेले, बेअरिंग जाम, सांगाडा हात लावला की पापुद्रे सुटावेत असा गंजलेला. आडगाव नाक्याकडच्या ट्रॉलीवाल्याने तो कांद्याची ट्रॉली समजूनच बांधला. वर होडी सोडा, हत्ती उभा राहिला असता. रंगाऱ्याने हाताच्या सवयीने मागच्या फळीवर झोकदार अक्षरात 'आई-वडिलांची कृपा' असंही लिहून टाकलं. काकूंना ते फार आवडलं. "सासूबाईंच्या नावानं या घरात एकबी वस्तू नव्हती, बरं झालं," म्हणाल्या.

होडी फायबरची, तळाला दोन मोठ्या चिरा. फायबरचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने जाळी, राळ आणि ती घट्ट करणारं औषध दिलं, औषध मोजून घाला असं दहादा बजावलं. काकूंनी ते चवीपुरतं मीठ घालावं तसं अंदाजाने ओतलं. प्लास्टिकच्या मगमधून धूर निघाला, राळ दगडासारखी झाली आणि ढवळायला घेतलेला घरातला चांगला डाव तिच्यात कायमचा उभा राहिला. "अगं बाई, पाक लवकर धरला!" एवढीच त्यांची प्रतिक्रिया. दुसरा घाणा मात्र जमला. चिरा बुजल्या, वर घासकाम झालं, पांढरा रंग बसला. काका व्हरांड्यात बसून बघत होते, बोलत नव्हते. फक्त त्यांची खुर्ची आता रस्त्याऐवजी होडीकडे वळलेली होती. काकूंनी मला ती डोळ्यांनीच दाखवली.

राहिलं शीड. जुनं उंदरांनी खाल्लेलं. काकूंनी माझ्याकडूनच एका शिवणाऱ्याचा नंबर घेतला आणि फोनवर त्याला मापं सांगितली : "तिकोनी शीड शिवायचंय, कडेला दोर घालून." हा गडी आयुष्यभर ढोबळी मिरचीवाल्यांना सावलीचं शेडनेट शिवून देणारा. त्याने 'शीड' ऐकलंच नाही, 'शेड' ऐकलं. आठवड्याने पार्सल आलं. आत हिरवीगार जाळी, बरोब्बर तिकोनी, कडेने पक्की शिवण, दोर ओवायला पितळी डोळे मारलेले. काकूंना वाटलं, हल्ली असंच मिळत असेल. आम्ही दोघांनी मिळून डोलकाठी उभी केली आणि अंगणात ती जाळी वर चढवली. वारा आला आणि आरपार निघून गेला. होडीवर मिरचीची रोपं लावायची तेवढी बाकी होती.

मागे खुर्ची करकरली. काका उभे राहिले होते, चेहरा लालबुंद.

"शे... शे... शेड नाही!" ते ओरडले. "शी... शीड! विमल, शीड!"

माझ्या हातातला दोर सुटला. काकूंनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. "काय म्हणताय? ऐकू नाय आलं."

"शीड! का... कापड! वारा अड... अडला पाहिजे!"

"आन् हे काय वाईट हाय?"

मग काकांनी डाव्या हाताने हवेत आकृत्या काढत, अडखळत, घाम पुसत आम्हाला सांगितलं की शिडात वारा भरावा लागतो, तेव्हा होडी चालते. खूप वेळ लागला. काकू मधूनमधून "परत सांगा" म्हणत होत्या आणि जाळीकडे तोंड करून उभ्या होत्या, कारण त्यांचे डोळे वाहत होते आणि ते नवऱ्याला दिसू द्यायचे नव्हते.

ती चूक खरी होती. पुढच्या मात्र सगळ्या त्यांनी ठरवून केल्या. काकांना राग आला की ते लाज विसरतात, हे गुपित त्यांना सापडलं होतं. सुकाणू त्यांनी होडीच्या पुढच्या टोकाला आणून ठेवलं. "बैल पुढं असत्यात, मग हे मागं कसं?" असं वर विचारलं. काका ओरडले. दोरांच्या गाठी साडीच्या निऱ्यांसारख्या घालून ठेवल्या, काका ओरडले. एकदा मी न राहवून योग्य गाठ मारली, तर माझ्या हातावर चापट बसली. "तुमी कशाला शाणपणा करता? ते सांगतील ना!" खरं शीड शिवायला पंचवटीतला बॅगा शिवणारा गाठला, तेव्हा काकूंनी फोन सरळ काकांच्या कानाला लावला आणि स्वतः भाजी आणायला निघून गेल्या. काका परक्या माणसाशी बोलले. पलीकडचा "काय? काय?" करत होता आणि काका त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते.

थंडीत एका सकाळी, लागणारी परवानगी काढून, आम्ही होडी धरणावर नेली. ट्रेलर उलटा पाण्यात घालताना माझ्या नाकी नऊ आले. मी डावीकडे वळवला की तो उजवीकडे जायचा. काका शेजारी बसून "उल... उलटं! उलटं फिरव, गाढवा!" असं मला म्हणाले. कुणी गाढव म्हटल्यावर इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

होडीत काकांबरोबर मी बसायचं ठरलं होतं. काकूंना पाण्याचं भयंकर भय. कुंभमेळ्यातसुद्धा त्या गोदावरीत घोट्याच्या वर उतरल्या नव्हत्या. काका सुकाणू धरून बसले, पण मला त्यांनी हाताने थांबवलं आणि काठाकडे बघून म्हणाले, "विमल."

"मला नाय जमायचं. मी मरंन."

"दोर... तू धर. मला हात... एकच आहे."

काकूंनी देवाचं नाव घेतलं, लाइफजॅकेटचे पट्टे तीनदा तपासले आणि पाऊल आत टाकलं. शिडात वारा भरला आणि होडी निघाली. थोडं अंतर जाईपर्यंत सगळं शांत होतं, मग पाण्यावरून आवाज यायला लागले. "सोड! दोर सोड!" "सोडू का धरू, एक काय ते सांगा!" "मान खाली!" "तुमीच घाला खाली!" काठावर पिकनिकला आलेले लोक घाबरले. एक बाई मला म्हणाल्या, "अहो, ते बुडतायत का? कुणाला बोलवू का?" मी म्हटलं, "नाही हो, नवरा-बायको आहेत." त्यांनी चटकन मान डोलावली.

त्यानंतर दोन हिवाळे ते दोघं आणि मी बऱ्याचदा धरणावर गेलो. गेल्या वर्षी काकू गेल्या. आजार नाही, काही नाही. मला अजून ते खरं वाटत नाही, आणि सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला नाही की दिवस सुरूच झाल्यासारखा वाटत नाही.

त्या दिवसांत आम्हा सगळ्यांना एकच धास्ती होती, काका पुन्हा गप्प होतील. पुण्याहून त्यांची मुलगी सीमा आली होती. भेटायला माणसं येत. सतरंजीवर बसत, जरा वेळ खाली बघत आणि मग ठरल्याप्रमाणे कुणीतरी विचारी, "कसं झालं?" पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा काकांना त्रास नको म्हणून सीमाने सांगायला तोंड उघडलं.

"सकाळी आईनं चहा टाकला आणि..."

काकांनी डावा हात वर केला.

"थांब," ते म्हणाले. "तिचं... मी सांगणार."

आणि त्यांनी सांगितलं. चहा, जरा पडते म्हणून आत गेलेली काकू, हाक मारली तर न आलेली ओ. एकेका शब्दाला अडखळत, मोडलेला शब्द पुन्हा पहिल्यापासून जुळवत, शेवटपर्यंत. दिवसभर माणसं येत राहिली आणि प्रत्येकाला काकांनी ते स्वतः सांगितलं.