मिठागरवाल्यांचे पाय धुणारा

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला ड्रेसर म्हणायचे, मीही तेच म्हटलं. जासईकडच्या सरकारी दवाखान्यात तो जखमा धुवायचा. घाटावरचा माणूस, मिशा मोठ्या, आवाज बारीक. बोलतानाही नजर जखमेवरच.

तेव्हा मिठागरात राबणाऱ्यांचे पाय फुटायचे आणि खारं पाणी आत जाऊन चिघळायचे. माझ्या नवऱ्याचा पाय घोट्यापर्यंत सुजला, वास यायला लागला. पाय कापावा लागला असता तर मिठागर सुटलं असतं आणि आम्ही उपाशी मेलो असतो. तरी हा म्हणे, "फुकटचा औषद काय कामाचा?" सगळा गाव तेच म्हणायचा. मीही म्हणायचे. म्हणून पनवेलच्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्याने खुर्चीवरूनच पाय बघितला आणि सुई टोचली. तीन वेळा गेलो, तरी सूज हलेना. मग मीच नवऱ्याला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं.

ड्रेसर जमिनीवर बसला, पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि नाक न मुरडता सगळी घाण धुतली. महिनाभर रोज धुतली. पाय वाचला.

नवरा मात्र सांगत सुटला, "सुयांनीच बरा झायला." मी भांडले, पण लोकांनाही तेच पटलं. शेवटी मला लाज वाटली आणि मी ड्रेसरला सगळं सांगितलं. तेव्हा त्याच्या मांडीवर दुसऱ्या कोणाचा तरी पाय होता. तो हसला.

"सांगू द्या की वहिनी. गावभर चालतच फिरतोय नव्हं?"