एक्याण्णव टक्के

घरात कुणालाही ठाऊक नसलेली गोष्ट तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना संताप होतोय. आधी स्वतःचाच.

आम्ही पेठ वडगावचे. दारात दोन म्हशी. दूध संस्थेत माझी ख्याती एकच — मशीनवर फॅट जरा कमी लागली की मी अडून बसतो. नमुना हलवा, पुन्हा लावा. आकडा आला म्हणून तो खरा, असं मी कधी मानलं नाही. कधीच नाही?

गेल्या वर्षी थोरल्या लेकीनं, स्नेहलनं, कॉलेजसाठी कोल्हापूरच्या कळंबा तलावावर प्रकल्प लिहिला. घराच्या पुढच्या सोप्यात, माझ्यासमोर बसून — खाडाखोड करत, पेन चावत. मी पाहिलंय हे. कॉलेजच्या सॉफ्टवेअरनं मात्र सांगितलं, एक्याण्णव टक्के एआयचं लिखाण. आम्हाला बोलावून घेतलं. कबुली लिहून द्या, विषय मिटवू. नाहीतर निकाल अडकेल.

एक्याण्णव — कशाचे? शंभर कशाला धरलं? हे यंत्र चुकतं किती वेळा? यातलं एकही विचारलं नाही मी. सरळ म्हटलं, "लिही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आप्पा, म्हशीचं दूध दोनदा तपासून घेताय की. माझं एकदाच?"

"गप लिही."

तिनं लिहिलं. खोटं. खाली पालक म्हणून मी सही केली.

पण मी लपवलं ते याच्या पुढचं. महिन्याभरानं तसल्याच सॉफ्टवेअरमध्ये माझं एक जुनं भाषण टाइप करून घातलं — संस्थेच्या सभेसाठी हातानं लिहिलेलं, एआय हा शब्दही इकडं आला नव्हता तेव्हाचं. चौऱ्याऐंशी टक्के एआय! दोन परिच्छेद मागं-पुढं केले — सदतीस. असल्या काट्यावर कुणी कोथिंबीर तोलणार नाही, आणि यांनी पोरी तोलल्या! मग कॉलेजात गेलो? नाही. तिला सांगितलं? तेही नाही. लॅपटॉप मिटला आणि धार काढायला गेलो.

स्नेहल आता काही लिहीत नाही. साधा रजेचा अर्ज असला तरी कागद माझ्यापुढं सरकवते — "तुम्हीच लिवा. तुमचं पास हुतंय."

होत नाही. ते मला एकट्यालाच माहीत आहे.

काल संस्थेत फॅट कमी लागली. किटली घेऊन स्नेहलच शेजारी उभी होती. सवयीनं तोंडातून गेलं, "पुन्हा लावा." लावली. आकडा वाढला. तिनं रिकामी किटली उचलली आणि माझ्याकडे न बघता चालू लागली.