साडूंच्या घरची प्रायमरी

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोणीही होवो, तो आधी सिंगापुरातल्या पासिर रिसच्या एका फ्लॅटमध्ये नापास झालेला असतो, ही गोष्ट त्या देशाला अजून कोणी कळवलेली नाही. नापास करणारे गृहस्थ आमचे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना अमेरिकेत मत नाही, तिथे त्यांचा कोणी नातेवाईक नाही, जन्मात ते त्या देशाच्या बंदरापलीकडे गेलेले नाहीत. तरीही तिथल्या निवडणुकीच्या चर्चा टीव्हीवर लागल्या, की अर्ध्या सिंगापूरची मराठी मंडळी साडूंच्या सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर आणि खाली चटईवर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत असतात. उमेदवार काय म्हणाला हे कोणालाच ऐकायचं नसतं. त्यावर साडू काय म्हणतात ते ऐकायचं असतं.

मला याचा त्रास होतो, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. साडू आयुष्यभर जहाजावर चीफ इंजिनियर होते. आता निवृत्त होऊन घरी बसले, तरी आख्खं गाव त्यांना ‘चीफ’ म्हणतं. लिफ्टमध्ये भेटणारी चिनी आजीसुद्धा. मी सिंगापूरला आलो तो जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, कांदे सोलत. तिथून आज बंदरात लागणाऱ्या जहाजांना भाजी, मासळी, दोरखंड, साबण पुरवतो, चार व्हॅन माझ्या नावावर फिरतात. हे सगळं मी बोलून मिळवलंय. ग्रीक कप्तानापासून फिलिपिनो कुकपर्यंत कोणालाही बोलण्यात गुंडाळून भाव पाडून घेण्यात माझा हात धरणारा माणूस या बेटावर नाही. पण यिशुनच्या माझ्या घरात मी तोंड उघडलं, की बायको मिक्सर लावते. आणि हे साडू, जे दिवसाकाठी मोजकं बोलतात, त्यांचं वाक्य मात्र ती फोनवरून तिच्या सगळ्या मैत्रिणींना सांगते. “भाऊजी म्हणाले” अशी सुरुवात झाली, की मी बाल्कनीत जाऊन उभा राहतो. मला या माणसाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ‘शेठ बरं बोलले’ एवढं ऐकायचं होतं. बाकी माझी काही मागणी नव्हती.

साडूंना शेवटच्या मोठ्या लढतीत रस नसे. त्यांची आवड प्रायमरीची, म्हणजे एकाच पक्षाचे लोक आपसात भांडून आपला उमेदवार ठरवतात, ती फेरी. “दोन पक्षांचं भांडण म्हणजे दोन सोसायट्यांचं भांडण,” ते म्हणत. “प्रायमरी म्हणजे भाऊबंदकी. हसून बोलायचं आणि बांध सरकवायचा. माणूस कळतो तो इथे.” तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे चर्चेच्या दिवशी पुण्या-मुंबईची आयटीतली पोरं ‘घरून काम करतो’ असं ऑफिसला सांगून सकाळीच पासिर रिसला हजर. मेहुणी मोठ्या कढईत साबुदाण्याची खिचडी करायची. माझी मुलगी, जी रविवारी हलवून हलवून उठत नाही, ती त्या दिवशी माझ्याआधी आंघोळ करून तयार. मी एकदा विचारलं, “त्यात तुला काय कळतं गं?” तर इथल्या पोरांच्या सिंगापुरी वळणाने म्हणाली, “काका एक्स्प्लेन करतात ना, पप्पा. तुम्ही ओन्ली शाउट लाह.”

परीक्षेची पद्धत अशी. चर्चा सुरू झाली, की साडू आपली खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढत. हातात एक लांब स्क्रूड्रायव्हर. इंजिनरूममध्ये बेअरिंग खराब झालंय का हे बघायला जुने इंजिनियर स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावतात आणि मूठ कानाला. साडू तेच टोक टीव्हीच्या स्पीकरला लावून डोळे मिटत. खोलीत चिडीचूप. खिचडीतला दाणा चावायचीसुद्धा चोरी. दहाबारा वाक्यं झाली, की डोळे न उघडता निकाल. “हा रिकामा पळतोय. लोड नाही.” “ह्याला जिंकायचं नाहीये, पुढच्या वेळेसाठी चेहरा दाखवायला आलाय.” “ह्या बाईचं इंजिन चांगलंय, पण चुकीच्या बोटीत बसवलंय.” एका उमेदवाराने आपल्या गरीब आईची गोष्ट सांगितली, आमच्या बायका डोळे पुसायला लागल्या, तर साडू म्हणाले, “आई खरी आहे, हुंदका भाड्याचा.” बायकांनी पदर खाली केले. माझ्या आईची गोष्ट मी गेली वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय. मी मुद्दाम पाणी प्यायला उठलो.

पण खरी गंमत उमेदवारांची नव्हतीच. साडूंच्या मते चर्चेत खरी लढत देतो तो प्रश्न विचारणारा, मॉडरेटर. “उमेदवार खोटं बोलणारच, तो त्याचा धंदा. ह्याने त्याला तसं जाऊ का दिलं, ते सांगा.” एका गोऱ्या, केसांना चोपडून तेल लावल्यासारख्या दिसणाऱ्या मॉडरेटरला त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत बाद केलं. का, तर तो प्रश्न विचारतानाच मान डोलावत होता. “उत्तर याच्या खिशात आहे, चर्चा कशाला हवी?” आणि एकदा पांढऱ्या कोटातल्या एका बाईंनी एका सिनेटरला तोच प्रश्न, आवाज न चढवता, तीनदा विचारला. तिसऱ्यांदा सिनेटरने पाण्याचा ग्लास उचलला. तेव्हा साडू उठून उभे राहिले. टीव्हीसमोर, स्क्रूड्रायव्हर छातीशी धरून. खोलीतले सगळे उभे राहिले. मी घरात आलो, तर हा माणूस सोफ्यावरचे पाय आखडून घेत नाही.

मीही एकदा निकाल देऊन पाहिला. म्हटलं, “लाल टायवाला जिंकला. टाळ्या बघा किती मिळाल्या त्याला.” साडूंनी एक डोळा उघडला. “शेठ, टाळ्या रिकामं गिऱ्हाईकही वाजवतं. माल उचलतं का, ते बघा.” खोली खो खो हसली. माझा धंदा, माझीच भाषा, आणि वाक्य त्यांचं. घरी येईपर्यंत मी बायकोशी बोललो नाही. त्यानंतर ते वाक्य मी तीन कप्तानांना ऐकवलं आणि तिन्ही वेळा सौदा झाला, याचा मला वेगळाच राग आहे.

आता माझं खरं दुखणं. आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून दरवर्षी गणपती बसवतो. त्याचा प्रमुख कोण, यावर कधी वाद नव्हता. जो नको म्हणत नाही, तो प्रमुख. त्या वर्षी मी नको म्हटलं नाही. इतकी वर्षं नारळ, फुलं, केळीची पानं माझ्याच व्हॅनमधून आली होती, एकदा तरी आरतीचं ताट पहिलं माझ्या हातात यावं, असं मला मनापासून वाटत होतं. पण बुओना व्हिस्टाला राहणारा, कुठल्याशा संशोधन कंपनीतला एक तरुण मॅनेजर, त्यानेही नको म्हटलं नाही. दोघंही अडून बसलो. तेव्हा कोणीतरी म्हणालं, “चीफच्या घरी प्रायमरी घेऊ की.” सगळ्यांनी लगेच मान्य केलं. मीही केलं. मनात म्हटलं, बोलण्यात हा पोरगा माझ्यापुढे काय टिकणार. आणि मॉडरेटर घरचा.

टीव्हीच्या जागी आम्ही दोघं उभे. मध्ये इस्त्रीचं टेबल, कारण मेहुणीच्या मते अमेरिकेत पुढे काहीतरी उंच असतं. साडू खुर्चीत, हातात घड्याळ. पहिला प्रश्न त्या पोराला. “गणपतीत तुम्हाला सगळ्यात काय आवडतं?” तो गोड हसून बोलला, तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक बोट. मग साडू माझ्याकडे वळले. “गेल्या वर्षी तुम्ही हॉलवाल्याशी भांडलात, त्याआधी फुलवालीशी, त्याआधी आपल्याच भटजींशी. प्रमुख झालात, तर कोणाशी भांडणार नाही? एक नाव सांगा.”

“हा काय प्रश्न झाला?” मी म्हटलं.

“एक नाव सांगा.”

“त्याला आवडीनिवडी विचारता आणि मला उलटतपासणी?”

“एक नाव सांगा, शेठ.”

तिसऱ्यांदा विचारल्यावर मी भडकलो. पण सावरलो, आणि खरंच चांगलं बोलायला लागलो. हे मी म्हणतो म्हणून नाही. माझी मुलगी फोन खाली ठेवून ऐकत होती. मी रंगात आलो, तेवढ्यात साडू म्हणाले, “वेळ संपली.”

“दोन मिनिटं द्या.”

“नाही.”

“एक.”

“नाही.”

“बरं, अर्धं. शेवटचं वाक्य राहिलंय हो.”

“शेठ, ही भेंडी नाही.”

माझ्या बायकोचं हसणं मला वेगळं ऐकू आलं. मग निकालाची वेळ झाली. साडूंनी घड्याळ इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. “आधी मॉडरेटरचं,” ते म्हणाले. “आजचा मॉडरेटर नापास. साडूला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून त्याने साडूला आधीच कापायचं ठरवलं होतं. प्रश्न त्याने उत्तरासाठी विचारला नाही, स्वतःचं नाव राखायला विचारला.”

मी म्हटलं, “मग पुन्हा घ्या.”

“पुन्हा नाही. नापास मॉडरेटरला मी आजवर दुसरी संधी दिली नाही.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अन्याय माझ्यावर झाला, भाषण माझं तुटलं, आणि टाळ्या साडूंना. त्यात त्या मॅनेजरच्या बायकोने हळूच विचारलं, “पण प्रायमरी जिंकणारा पुढे कोणाविरुद्ध उभा राहणार?” तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं, की पुढे निवडणूकच नाही. सगळे पुन्हा हसले. मी “ठेवा तुमचं पद तुमच्यापाशी” म्हणून चपला घातल्या आणि एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन गाठलं. त्यामुळे पद आपसूक बुओना व्हिस्टाला गेलं. आरती पोराने बेसूर म्हटली. नारळ मात्र माझेच होते.

मला वाटलं होतं, साडूंचा दरबार आता दुप्पट भरेल. झालं उलटंच. पुढच्या चर्चेला मंडळी जमली, खिचडी झाली, टीव्ही लागला, आणि साडू काही बोललेच नाहीत. कोणी विचारलं, तर म्हणाले, “मी आता नुसता बघतो.” एकदोनदा लोक वाट बघून गेले. मग घरून काम करणारे खरोखरच घरून काम करू लागले. माझ्या बायकोचे फोन लहान झाले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि पहिले काही दिवस झालाही.

यंदा तिकडे पुन्हा प्रायमरी सुरू झाली. मेहुणीने बायकोला सांगितलं, की हे एकटेच बघत बसतात, खिचडी नको म्हणतात. त्या सकाळी मला पश्चिमेकडच्या बंदरात कामावर जायचं होतं. पासिर रिस वाटेत लागतं, असं मी बायकोला सांगितलं. ते वाटेत लागत नाही, हे तिलाही माहीत आहे.

साडूंनी दार उघडलं. मला बघून आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाही. मी सोफ्यावर बसलो. त्या घरातला सोफा मला पहिल्यांदाच पूर्ण दिसला. एरवी त्यावर माणसंच असत. पडद्यावर दोन उमेदवार एकमेकांना मोठ्या प्रेमाने खोटारडे म्हणत होते. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. मी वाट बघत होतो, हे मान्य करायला मला जड जातंय. बऱ्याच वेळाने त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

“त्या दिवशी तुमचं एक वाक्य राहिलं होतं,” ते म्हणाले. “काय सांगणार होता?”

“आता काय उपयोग?”

“सांगा तर. मला ऐकायचं होतं ते.”

मी आठवायला गेलो. त्यांनी मला कुठे अडवलं, कोण हसलं, इस्त्रीच्या टेबलावर माझा हात कुठे होता, सगळं लख्ख आठवत होतं. वाक्य आठवेना. तरी मी बोलायला लागलो. भटजींबद्दल काहीतरी बोललो, केळीच्या पानांबद्दल, आणि मग का कोण जाणे, गॅलीतल्या पहिल्या महिन्याबद्दल. टीव्हीवर बिनआवाजाचे ओठ हलत राहिले. साडूंनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, आणि मीच मध्येमध्ये थांबून ते मला अडवतात का, बघत होतो.